पटावरचं नाव

वांग्यांची टोपली घेऊन मनकर्णा माळीण पंतोजींच्या पडवीत आली, तर पडवी रिकामी. अक्षरं गिरवायच्या धुळपाट्या ओळीनं मांडलेल्या, पोर एक नाही. महिन्याला रुपया आणि वर रोजची भाजी, एवढं मोजून तिनं लेकाला इथं घातलं होतं. सरकारी शाळा फुकट होती. पण तिथले मास्तर दुपारपर्यंत झोपत आणि दुपारनंतर आळस देत.

पोरांचा गलका मारुतीच्या देवळातून आला. म्हणजे सरकारी शाळेतून.

ती तिथं पोचली. आत शाळा तपासायला आलेले डिपुटी साहेब गादीवर बसलेले. मागं मास्तर, आणि मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून पंतोजी, धुतलेल्या पागोट्यात. समोर तीस पोरं. पुढच्याच ओळीत तिचा झिंगाजी.

"नाव काय तुझं, बाळ?" साहेबांनी त्यालाच विचारलं.

"उकंडा वल्द नत्थुजी," झिंगाजी खणखणीत बोलला.

साहेबांनी पटावर खूण केली. खरा उकंडा मनकर्णानं सकाळीच पाहिला होता, पाटलाच्या वावरात कापूस वेचताना. विलायतेनं कापसाचा भाव चढवल्यापासून सरकारी पटावरची पोरं वावरातच असत.

टोपली तिनं उंबऱ्यावर आपटली. "पंतोजी, माया पोराले इथं काहून बसवलं? बाप मेला त्याचा. नाव नाई मेलं अजून!"

मास्तर धावत बाहेर आले. "हळू बोल, मनकर्णे. पट भरला नाही तर शाळा बंद होईल."

"उघडी कवा होती, गुरुजी? अन् तुमी, पंतोजी? डोक्यामागं किती घेतले?"

पंतोजी कमरेची चंची चाचपत देवळाच्या छताकडं बघू लागले.

"कसली गडबड आहे?" साहेबांनी मान वर न करताच विचारलं.

"भाजीवाली आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "पैसे मागते."

तिनं झिंगाजीला दंडाला धरून उठवलं, फरफटत पंतोजींच्या पडवीत आणलं आणि धुळपाटीपुढं बसवलं.

"लिव्ह. तुयं नाव लिव्ह."

पोरानं काडी घेतली. लिहिलं. आईचं तोंड पाहून पुसलं. पुन्हा लिहिलं.

मनकर्णा वाकून त्या रेघांकडं बघत राहिली.

"हे तुयं हाय, का उकंड्याचं?"



गावात वाचता येणारे दोघंच होते, आणि दोघंही साहेबांच्या मागं उभे होते.