उसना आवाज
आईची वाचा गेली तेव्हा धाकटीने तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला. आईने टाइप करायचं, टॅबने बोलायचं. टाइप केलेल्याचा आवाज करणारा भाग, म्हणजे लायब्ररी, मात्र परगावच्या दादाने लिहिलेली. त्याच्या सुधारणा चालूच असायच्या, त्या टॅबवर आपोआप यायच्या. पुढे दोघांचं बिनसलं. धाकटीने प्रोग्रामच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली. लायब्ररी दरवेळी ताजी घेण्याऐवजी जुनी प्रतच प्रोग्राममध्ये कायमची बांधून टाकली. "त्याच्यावाचून अडत नाही," म्हणाली. आई शेवटपर्यंत परक्या बाईच्या आवाजात चहा मागत राहिली. ती गेल्यावर दादा आला. भांडी विसळणाऱ्या धाकटीला म्हणाला, "जुन्या कॅसेटींतून आईचाच आवाज जुळवून लायब्ररीत घातला होता गं वर्षभरापूर्वी. आवडला का तिला?" नळ वाहतच राहिला. "सांग की, काय म्हणाली?" धाकटीने नळ बंद केला. "म्हणाली, 'इतकी चिरकते होय गं मी?'" दादा पोटभर हसला. तिला मात्र आईचा तो खरा आवाज काही केल्या आठवेना.