मोरसचं पत्र

“पुढं वाच,” कस्तुरबाई लेकीला म्हणाल्या.

जतननं पत्र उजेडाकडं धरलं. मोरस बेटावरून, म्हणजे मॉरिशसहून, आलेलं तिच्या भावाचं, पुनमचंदचं, हे तिसरं पत्र. जुन्नरची पेठ सोडून तो तिथल्या कापडाच्या पेढीवर गेला, त्याला चार वर्षं झाली होती. जतन बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा वडिलांनी तिला वाचायला शिकवलं. आता वडील नव्हते, आणि घरात वाचणारी ती एकटीच.

“इथला दगड आपल्या लेण्याद्रीसारखा काळा. सगळं बेटच म्हणे आगीनं समुद्रातून वर आलं. उसाच्या वावरांत दगडांचे ढीग रचलेत. डोंगराच्या आग ओकणाऱ्या जुन्या तोंडात आता तळं आहे, भोवती रान. किनाऱ्यापुढं पोवळ्यांचा कठडा आहे. लाटा तिथंच फुटतात, आतलं पाणी परातीतल्यासारखं निवांत. वादळात मात्र छपरं साखळ्यांनी बांधावी लागतात. गेल्या साली शेजारची तीन माणसं गेली.”

जतन थांबली. नजर दोन ओळी खाली गेली आणि परत वर आली.

“काय गं? वाईट आहे का काही?”

“नाही, बाई. वादळाचंच आहे.” तिनं पत्र दुमडलं.

“आईला ये म्हणून एक अक्षर नाही?”

“कामात असेल.”

“बापावर गेलाय. मला माहेराहून न्यायला नुसती गाडी पाठवायचे. बैल हुशार होते म्हणून सासर सापडायचं.” कस्तुरबाई हसल्या. “पुढच्या पत्रात बोलावील.”

अंगणात एक उंदीर झिंगत आला आणि कलंडला. कस्तुरबाईंनी त्याला उचलून सावलीत ठेवलं, तोंडाशी पाणी सोडलं, नवकार मंत्र म्हटला.

“बाई, हात नको लावूस.”

“जीव आहे तो.”

त्यांचं पिंपळवंडीचं रान कसणारा सावळेराम दारात गाडी घेऊन उभा होता. “शेठाणीबाई, पिलेग आलाय. समदी पेठ माळावर गेली. तुमची खोप बांधलीया. चला आता.”

“पोस्टमन कुलूप बघून पत्र परत नेईल. पुनमचं बोलावणं आलं की निघते.”

“जतनबाई, तुमी तरी सांगा. पत्रापायी जीव देत्यात व्हय कुनी?”

जतननं पत्र कमरेला खोचलं. मग ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी कस्तुरबाईंना ताप भरला, काखेत गाठ आली. चौथ्या दिवशी दाराकडं बघत त्या गेल्या. खांदा द्यायला पेठेत पुरुष उरले नव्हते. सावळेराम आणि त्याच्या भावांनी त्यांना कुकडी नदीच्या काठी नेलं. अग्नी जतननं दिला.

“लई वाट बघितली म्हातारीनं,” सावळेराम म्हणाला. “पुनमशेठनं एक डाव बोलवाया पायजे व्हतं. कवाच बोटीत बसली असती.”

जतन चितेकडं वळली.

“बोलावलं होतं, सावळेराम. तिन्ही पत्रांत. तेवढं मी वाचून दाखवलं नाही. त्यानं तिला एकटीला बोलावलं होतं.”