येण्याआधी वाचा

"बाबा, जरा बसून दाखवता? पुस्तकात आहे तसं," नागपूरहून आलेली रुचिका म्हणाली आणि तिनं पुस्तकाचं पान उघडून धरलं.

सुखराम तलावाच्या वरच्या पायरीवर उभा होता. अंगात लेकीनं इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा, खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल. म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्याला कळेना. त्यानं लेकीकडं, सरिताकडं पाहिलं.

सरितानंच त्याला आणलं होतं. पुस्तक तिनं लिहिलेलं, गाव तिचं, आणि त्या पुस्तकातला सात वर्षांचा पोरगा म्हणजे हाच म्हातारा. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घाटावर पाणी प्यायला म्हणून त्याला बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं झोडपला होता. झोडपणारा मालगुजार म्हणजे भुपेंद्रचा आजा. आता भुपेंद्रनं त्याच तलावाच्या पाळीवर होम-स्टे काढलाय. झाडांना झोपाळे टांगलेत, भंडाऱ्याच्या पितळी ताटांत जेवण वाढतो, आणि जेवणघराची एक भिंत पाहुण्यांना देऊन टाकलीय. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'येण्याआधी वाचा'. जाणारा पाहुणा या भागावरचं एखादं पुस्तक पुढच्यासाठी तिथं सुचवून जातो. वाघांची, सारसांची, जंगलाची पुस्तकं हळूहळू मागं पडली नि सरिताचं पुस्तक वर चढलं. लोक ते वाचून येऊ लागले आणि सामान ठेवायच्या आधी विचारू लागले, तो घाट कुठाय?

दुसरा असता तर तोंड लपवलं असतं. भुपेंद्र कशाला लपवतो! त्यानं घाटावरचं शेवाळ घासून काढलं, कठड्याला चुना मारला आणि सरिताला फोन केला. "ताई, नागपूरचा वाचकांचा ग्रुप येऊन राहिला. सारे तुमचंच पुस्तक वाचून येऊन राहिले. बाबांनाबी आणा सोबत. त्यांचा मान करू."

मान! शाळेत पोरांना शिकवणारी, चांगली शहाणीसुरती बाई, पण त्या एका शब्दावर भाळली. हा माणूस चारचौघांत, त्याच पायरीवर आपल्या बापाची माफी मागणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. लाखनीला एसटीतून उतरून ऑटोत बसल्यावर बापालाही सांगून मोकळी झाली, "बाबा, आज तो तुमच्यासमोर हात जोडन."

"कायले व बाई," सुखराम म्हणाला होता. "तो तं तवा जन्मलाबी नव्हता." पण म्हणताना सदऱ्याची कॉलर मात्र त्यानं नीट केली होती.

शाल झाली, नारळ झाला. भुपेंद्र बोलला तलावाबद्दल, शिंगाड्याबद्दल, संध्याकाळच्या चुलीवरच्या मटणाबद्दल. आजाचं नाव काही तोंडावर आलं नाही. शेवटी "इतिहास आहे इथं, इतिहास!" म्हणून त्यानं घाटाकडं हात केला, आणि सगळी मंडळी मोबाईल काढून खाली आली. शिकलेली माणसं, त्या प्रकरणावर रडलेली माणसं. रुचिकानं तर गाडीतून उतरल्या उतरल्या सरिताला मिठी मारली होती.

"राहू द्या ना," सरिता आता म्हणाली. "त्यांचे गुडघे दुखतात." आणि हसली. कशाला हसली, तिचं तिलाच ठाऊक! ज्यांनी आपलं पुस्तक डोक्यावर घेतलं त्यांना खडसवायचं कसं? तिला ते जमलं नाही.

"एकच मिनिट, ताई. आम्ही धरू ना त्यांना."

सुखरामनं लेकीचा चेहरा पाहिला. एवढे लोक पोरीच्या पुस्तकापायी लांबून आले, त्यांना नाही कसं म्हणावं, असं त्याला वाटलं असावं. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. "तू कसं लिवलं हाये, बाई? उभ्यानं का बसून?"

उत्तर रुचिकानं दिलं, ओळीवर बोट ठेवून. "शेवटच्या पायरीवर उकिडवं बसून. डावा हात दगडाला, उजव्यानं पाणी."

कोणीतरी त्याच्या खांद्यावरची शाल काढून घेतली, पुस्तकात शाल नव्हती म्हणून. म्हातारा कठडा धरून उतरला आणि कण्हत खाली बसला. वरून कोणी म्हणालं, चेहरा इकडं करा. त्यानं केला. मग हातात पाणी घेतलं. ऊन डोक्यावर आलं होतं, सकाळपासून नुसत्या चहावर होता बिचारा. हात आपसूक तोंडाकडं गेला.

"ए सुखराम!" भुपेंद्र वरून गरजला. "पिऊ नोको! ते पानी पियाचं नाही!"

लगेच तो पाहुण्यांकडं वळून समजावू लागला, की घाबरू नका, कालच शिंगाड्यावर औषध मारलंय, उगाच पोटात गेलं तर निस्तरणार कोण? खोटं नव्हतं ते. पण खाली सुखरामच्या हातातलं पाणी केव्हाच सांडलं होतं. त्यानं मान खांद्यांत घातली होती आणि कोपर डोक्यावर आडवा धरला होता.

"बाबा!" सरिता पायऱ्या उतरत धावली.

"ताई, थांबा, मध्ये येऊ नका!" रुचिका ओरडली. तिचे डोळे भरून आले होते, मोबाईल मात्र स्थिर होता. "बाबा, हात काढू नका. अगदी असंच आहे पुस्तकात."