ओरखडे

वडिलांनी ते घड्याळ घेतलं तेव्हा तीन पगार गेले होते. ते वारले तेव्हा त्याच्या किमतीत मोटार येत होती, आणि आता तीन खोल्यांचा फ्लॅट येतो. धाकटा ते परस्पर जुन्या घड्याळांच्या दुकानात दाखवून आला, हे कानावर पडलं आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भर दुपारी धाकटा आपण होऊन थोरल्याच्या पॉलिशच्या कारखान्यात आला. "दादा, आधी ऐकून तरी घे," एवढंच तो म्हणाला, तोवर लोखंडी पाइप त्याच्या कानशिलावर बसला होता. पडल्यावरही तो ओठ हलवत होता. थोरल्याने छातीवर गुडघा रोवला आणि ओठ थांबेपर्यंत गळा दाबून धरला.

मग त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं. पट्ट्याच्या कड्यांत रक्त शिरलं होतं. पॉलिशच्या चाकावर धरून त्याने ते असं घासलं की डागही गेले आणि चाळीस वर्षांचे ओरखडेही. घड्याळ आरशासारखं लखलखलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "हे पॉलिश कुणी केलं?"

"मीच. हात बसलाय आपला."

"पार वाटोळं केलंत हो! ओरखड्यांसकट जसंच्या तसं होतं, म्हणून तर एवढा भाव होता. आता निम्मेही येणार नाहीत."



दुकानदाराने भिंग खाली ठेवलं. "तुमच्या भावाला बजावलं होतं मी, याला पॉलिश करू नका म्हणून. तो म्हणाला, 'घड्याळ दोघांचं आहे, आणि दादा पडला पॉलिशवाला. उद्याच जाऊन सांगतो त्याला.' आला नाही का?"