वेगळंच आहे हं!

वर्नाच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी ती बाटली दिसली आणि मार्लिसने तोंडाशी नेलेला कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

लांब मानेची बाटली, आत डाळिंबाचा काळपट पाक. अशा बाटल्या जगात पुष्कळ असतील. पण जिच्या मानेवरची तारीख नेलपॉलिश काढायच्या औषधाने घासून पुसली आहे आणि त्या जागी निळसर डाग राहिला आहे, ती मार्लिसच्याच घरून आलेली असणार.

मार्लिसची सून तालीन कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची. पहिल्या नाताळात तिने हा पाक आणला. मार्लिसने बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं!" आमच्या मिनेसोटात याचा अर्थ होतो, हे माझ्यासमोरून उचला. वाईटाला वाईट म्हणायची इथे पद्धत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या मुलीला हे कोण सांगणार? तिला वाटलं, सासूबाई खूश झाल्या. तेव्हापासून दर नाताळला एक बाटली.

मार्लिस ती दर वर्षी कपाटात आणखी मागे सारायची. या वर्षी चर्चने गरजूंना फुकट वाटायच्या कपाटासाठी खाण्याचे डबे आणि बरण्या मागितल्या, तेव्हा तिने सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या. तारीख उलटलेलं तिथल्या बायका घेत नाहीत, म्हणून आधी तारखा घासल्या. अर्थात एकट्या मार्लिसला कशाला नावं ठेवा? सगळं गाव त्या कपाटात असंच काहीबाही ठेवतं. कोणी ग्रीसहून आणलेली द्राक्षाची पानं, कोणी डबाबंद गोगलगाई. त्यामुळे गावातले गरीब श्रीमंतांपेक्षा कितीतरी परदेशी जेवतात.

ते गरीब म्हणजे कोण, हे मात्र मार्लिसने कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. वर्ना तर नाहीच. चर्चमध्ये गाताना दोघी शेजारी उभ्या राहायच्या. टर्की पक्ष्यांच्या मांसाचा कारखाना बंद झाला, वर्नाचा नवरा आर्लन घरी बसला, तेव्हा मार्लिसने "कसं चाललंय?" असं विचारलंही होतं. "ठीक चाललंय की," वर्ना म्हणाली होती, आणि दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"घे ना वडी," वर्नाने ताटली पुढे केली. "ओट्सच्याच आहेत. आत जॅमऐवजी तो नवा पाक घातलाय. मॅनकेटोला गेले होते ना, तिथल्या मोठ्या दुकानात मिळाला."

"नको गं, आत्ताच खाऊन आले."

"अगं, एवढीशी."

"खरंच नको. कशाला त्रास घेतलास?"

"आता केल्यात तर घे की!"

आमच्याकडे दोनदाच नको म्हणता येतं, तिसऱ्यांदा म्हटल्यावर घ्यावीच लागते. मार्लिसने घास घेतला.

"तारीखबिरीख काही नाही हं त्याच्यावर," वर्ना म्हणाली. "आर्लन म्हणतो, भारी मालावर छापतच नाहीत. मधासारखं असतं म्हणे ते, कितीही ठेवा."

मार्लिस चावत राहिली. आणि कहर म्हणजे वडी सुरेख झाली होती. आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा किंचित तुरटपणा. वर्ना तिच्या तोंडाकडे पाहत होती. तिला काहीतरी छान सांगायला हवं होतं. पण भांबावलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं तेवढंच बाहेर पडतं.

"वेगळंच आहे हं!"

वर्नाचा चेहरा पडला. ती काही कॅलिफोर्नियाची नव्हती.

"असू दे," ताटली मागे ओढत ती म्हणाली. "आर्लन खाईल. त्याला काहीही चालतं."

"अगं, तसं नाही..." मार्लिस म्हणाली. पण तसं नाही तर कसं, हे सांगायचं तर बाटलीपासून सुरुवात करावी लागली असती. तिने ताटली परत आपल्याकडे ओढली आणि कोणी आग्रह केलेला नसताना दुसरी वडी घेतली. ती संपवून आणखी एक. मग ताटलीत एकच उरली.

शेवटच्या वडीला आमच्या गावात कोणी हात लावत नाही. फार तर सुरीने अर्धी करतात. पुढचा येतो, तो त्या अर्धीची अर्धी करतो, आणि शेवटी उरलेला चुरा कुत्र्याला जातो. मार्लिसने स्वतःच्या लग्नातल्या केकचासुद्धा शेवटचा तुकडा घेतला नव्हता.

तिने ती वडी उचलली आणि अख्खी तोंडात घातली.

वर्ना बघतच राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली, आर्लन अजून गॅरेजमध्येच आहे ना, हे खिडकीतून पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुला म्हणून सांगते. मॅनकेटो-बिनकेटो काही नाही. चर्चच्या कपाटातली आहे ती बाटली. कोण देवमाणूस ठेवून गेलाय, कोणास ठाऊक." ती लाजून हसली. "अजून आहेत तिथे. माणशी एकच देतात. पण तुला एवढा आवडलाय, तर गुरुवारी माझी मिळेल ती तू घे. आणू?"

मार्लिसचं तोंड भरलेलं होतं.

"नको गं," ती कशीबशी म्हणाली.

हा झाला पहिला नकार. वर्नाने तिच्या कपात कॉफी ओतली आणि पुन्हा विचारायला तोंड उघडलं.