राहिलेला डाव

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा आमचा डाव टीव्हीवर तसाच थांबवलेला होता. वेगवेगळ्या गेममधले पैलवान एकाच आखाड्यात भिडतात, असा तो गेम. मधेच एक चकाकणारा गोळा येतो. तो गोळा जो फोडेल त्याच्या पैलवानाला ठरावीक बटणं एकत्र दाबून रूप बदलता येतं, आणि मग एका फटक्यात समोरचा खलास. गोळा दर वेळी तीच फोडायची.

"कोणती बटणं एकत्र दाबतेस, ते तरी सांग," मी चरफडायचो.

"आधी गोळा तर मिळव, मग सांगते."

त्या दिवशीही गोळा तिलाच मिळाला. तेवढ्यात दूध संपल्याचं तिला आठवलं. "आलेच मी. तोवर माझ्या पैलवानाला हात लावशील तर बघ," म्हणून ती खाली उतरली. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं.

"बाबा, त्या दिवसापासून गेमचं मशीन चालूच आहे, किती तापलंय. एकदाचा संपवा तो डाव," काल मुलगी वैतागून म्हणाली.

मी डाव सुरू केला. तिचा पैलवान अंगभर चकाकत नुसता उभा होता. त्याला लोळवणं आता सोपं होतं. मी माझा रिमोट बाजूला ठेवला आणि तिचा उचलला. सुचतील तशी बटणं दाबून पाहिली. पैलवान उड्या मारतो, खाली बसतो, पण रूप काही बदलत नाही. शेवटी चिडून डाव पुन्हा थांबवला.



माझं हरायचं अजून राहिलं आहे.