नात्यातला दुभाषी

"ही राष्ट्रभाषा झाली. इथे राजभाषा लागते," म्हणत कारकुनाने अर्ज खिडकीतून परत सरकवला.

आईसोबत आलेल्या ठिणगीचे कान तापले. अर्ज तिनेच लिहिला होता. आईच्या किल्ल्या बनवायच्या टपरीचा परवाना आज संपत होता, आणि "अख्ख्या राष्ट्राची भाषा आहे, नाही कोण म्हणेल?" असं छातीठोकपणे सांगणारीही तीच होती. घरी सगळे हीच भाषा बोलायचे. शाळेत, कोर्टात, कचेरीत मात्र दुसरी, राजभाषा.

"मी आत्ता राजभाषेत लिहून देते, काका."

"लिहिशील गं. पण जबाब अर्जदाराने तोंडी द्यायचा. आईला येते?"

आईला राजभाषेतलं 'या, बसा' आणि 'सुट्टे नाहीत' एवढंच येत होतं.

"तिचं मी सांगते ना."

"अर्जदाराला नात्यातला दुभाषी चालत नाही. सरकारी दुभाषी गुरुवारी येतो."

"गुरुवारपर्यंत टपरी उचलून नेतील, काका."

"नियम आहे बाळ. मी काय करू?"

तेवढ्यात दहाची घंटा झाली. सगळी कचेरी उभी राहिली आणि रोजच्यासारखं राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रभाषेतलं. कारकून डोळे मिटून गायला, एक सूर इकडचा तिकडे नाही. खिडकीच्या अलीकडे आईही गायली. खुर्च्या पुन्हा सरकल्या, तेव्हा ती हसून त्याला काहीतरी म्हणाली.

त्याने ठिणगीकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"म्हणते, एवढं सुरेख गाता, म्हणजे आमची भाषा येतेच की तुम्हाला."

कारकुनाने मान खाली घातली. "पाठ आहे नुसतं. बावीस वर्षं गातोय, एक शब्द कळत नाही."

मग काय वाटलं कोण जाणे, त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. एका ओळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अर्जदाराला नात्यातला दुभाषी चालत नाही," तो सावकाश म्हणाला. "पण त्यांना त्यांची भाषा येते. येत नाही ती मला. म्हणजे दुभाषी मला हवा. तू माझी कोण लागतेस?"

"कुणीच नाही, का…"

"काका म्हणू नकोस."

"कुणीच नाही, साहेब."

त्याने आपल्या शेजारी एक खुर्ची ओढली. ठिणगी वळसा घालून आत गेली, वेणी मागे टाकून ताठ बसली. पलीकडे खिडकीच्या चौकटीत आई उभी होती. कारकुनाने पहिला प्रश्न विचारला. ठिणगीने घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा आईला अहो-जाहो केलं.

"बाई, तुमचं नाव सांगा."